दहावी गोळी

तुमच्या सदऱ्याची एक गुंडी घ्या, समोरच्या भिंतीवर चिकटवा आणि क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या मावतील इतके मागे जाऊन उभे राहा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर जिना उतरून रस्त्यापलीकडे जावे लागेल, तरीही जा. आता गुंडी दिसते का? मलाही दिसत नाही. मला तर चष्म्यावाचून भिंतसुद्धा दिसत नाही. आणि चांगल्या सदऱ्याची गुंडी तोडल्याबद्दल घरात जे ऐकून घ्यावे लागेल, त्याची जबाबदारी माझ्यावर नाही.

रायफलीच्या 50 मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचे जे मधले वर्तुळ असते, त्याचा व्यास 10.4 मिलिमीटर. म्हणजे त्या गुंडीएवढाच. त्यात 5.6 मिलिमीटरची गोळी बसवायची. एकदा बसवली तर त्याला नशीब म्हणता येईल. पण मी ज्या वर्षांची गोष्ट सांगणार आहे, त्या वर्षांत पुरुषांच्या तीन आसनांच्या स्पर्धेत पालथे पडून 40, उभे राहून 40 आणि गुडघ्यावर बसून 40 अशा एकशेवीस गोळ्या झाडाव्या लागत. त्यांतून पहिले आठ जण निवडायचे. त्या आठांनी मग उभ्यानेच आणखी दहा गोळ्या झाडायच्या. या अंतिम फेरीत गुणांचेही दशांश पाडतात. अगदी मधोमध लागली तर 10.9. आधीची बेरीज आणि या दहा गोळ्यांची बेरीज मिळून जो पुढे, त्याला सुवर्णपदक.

वाचायला हे सोपे वाटते. पण आठ किलोपर्यंत वजनाची रायफल खांद्याला लावून, जाड ताठ कोटात अंग आवळून उभे राहायचे, श्वास अर्धा सोडून तिथेच थांबवायचा, आणि छातीचा ठोका नळीच्या टोकाला जाणवणार नाही एवढ्या अवधीत चाप ओढायचा. चाप तर इतका हलका, की बोट नुसते टेकले तरी गोळी सुटावी. बाकीच्या खेळांत माणूस धावतो, ओरडतो, उड्या मारतो, आणि मनातली धडधड अंगावाटे निघून जाते. या खेळात ती बाहेर पडायला वाटच नाही. ती आतल्या आत जिरवायची.

अशा खेळात मॅथ्यू एमन्स हा अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातला मुलगा मोठा झाला. जन्म 1981 चा. शिकायला गेला तो दूर अलास्कात, फेअरबँक्सच्या विद्यापीठात, आणि तिथे अभ्यासाबरोबर रायफलही चालवली. 2002 साली तो पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात जगज्जेता झाला. 2004 च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा संघ निवडण्याची वेळ आली, तेव्हा आपली रायफल नीट लागत नाही असे त्याच्या लक्षात आले. तपासले तर नळीत कोणीतरी मुद्दाम बिघाड करून ठेवलेला! दुसरा असता तर त्याने तिथेच कपाळाला हात लावला असता. याने कॉलेजातल्या जुन्या जोडीदाराची रायफल उसनी घेतली, तिच्यावर हात बसवला आणि अथेन्स गाठले.

अथेन्सच्या ऑलिंपिकमधले नेमबाजीचे मैदान म्हणजे मार्कोपुलो. आपल्याला ते नाव एका दुसऱ्याच कारणाने माहीत आहे. 17 ऑगस्ट 2004 रोजी तिथेच राज्यवर्धनसिंग राठोडने रौप्यपदक मिळवले आणि आपल्याकडे घरोघर दूरदर्शनसमोर टाळ्या वाजल्या. त्यानंतर तीनच दिवसांनी एमन्सने त्या उसन्या रायफलीने पालथ्या आसनाचे सुवर्णपदक जिंकले. वय तेवीस. आणखी दोन दिवसांनी, 22 ऑगस्टला, तीन आसनांची स्पर्धा होती.

त्या दिवशी दहातल्या नऊ गोळ्या झाडून झाल्या तेव्हा एमन्स तीन गुणांनी पुढे होता. इथे तीन गुण म्हणजे किती? या खेळात दशांश गुणावरून पदकांची अदलाबदल होते, तिथे तीन गुण म्हणजे एखाद्याने शंभर मीटरची शर्यत अर्धी चालत जिंकावी असा प्रकार. शेवटच्या गोळीला त्याला 7.2 पुरेसे होते. त्याच्यासारख्याला सातचा घर म्हणजे जवळजवळ चूकच. त्याने नेम धरला, गोळी सुटली, हात चांगला पडल्यासारखे त्याला वाटले, आणि त्याने शेजारच्या लहान पडद्यावर आकडा पाहिला.

पडद्यावर काहीच नव्हते.

त्याने पंचांना खूण केली, की मी गोळी झाडली, नोंद का नाही? पंच जमले, यंत्रे तपासली गेली. आणि मग उलगडा झाला. एमन्सचे लक्ष्य दुसऱ्या क्रमांकाचे. त्याची गोळी लागली होती तिसऱ्या क्रमांकाच्या लक्ष्यावर, ऑस्ट्रियाच्या क्रिस्टियन प्लानरच्या! आपल्या पानातला घास उचलून शेजाऱ्याच्या पानात टाकावा, तसे झाले. गंमत अशी की ती गोळी 8.1 ची होती. स्वतःच्या लक्ष्यावर लागली असती, तर सुवर्णपदक पक्के होते. पण दुसऱ्याच्या लक्ष्यावर लागलेल्या गोळीला नियमाप्रमाणे शून्य. पहिला होता तो आठवा झाला, म्हणजे आठांत शेवटचा. सुवर्णपदक चीनच्या जिया झानबोला गेले.

नंतर एमन्सने स्वतःच सांगितले ते असे. एरवी तो आधी लक्ष्यावरचा क्रमांक पाहायचा आणि मग नळी खाली आणायचा. त्या दहाव्या गोळीला मन शांत ठेवण्याकडेच सगळे लक्ष लागले, आणि क्रमांक पाहायचा राहिला. त्याने ना यंत्राला दोष दिला, ना पंचांना.

ही हकीकत मी आमच्या घरी जेवणानंतर सांगितली, तेव्हा शेजारचे वकीलसाहेब सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "नियम तो नियम. शून्य बरोबरच आहे. पण अपील होते का?" आमच्या चिरंजीवांनी विचारले, "बाबा, 8.1 धरले असते तर एकूण किती झाले असते?" आणि लगेच कागद घेऊन बेरीज मांडली. आमची ही आतून भांडी आवरत होती. तिने विचारले, "मग त्या पोराजवळ कोणी गेले की नाही?"

तिघांचे प्रश्न तीन तऱ्हेचे. पण या गोष्टीचे पुढचे प्रकरण सुरू होते ते तिसऱ्या प्रश्नापासून.

कोणीतरी गेले होते. त्या संध्याकाळी मैदानालगतच्या उपाहारगृहात एमन्स आपल्या माणसांत बसला असताना कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मागे वळून पाहतो तो चेक देशाची नेमबाज कातेरिना कुर्कोवा, सोबत तिचे वडील. याच कातेरिनाने त्या ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफलचे ब्राँझपदक मिळवले होते. त्या अंतिम फेरीतल्या आठ जणींत आपल्याकडच्या सुमा शिरूरही होत्या. कातेरिनाची आणि एमन्सची तोवर ओळख अशी नव्हतीच. वाईट वाटले एवढे सांगायला ती आली होती. 2007 साली दोघांचे लग्न झाले.

इथे एखादा कादंबरीकार असता तर त्याने लेखणी खाली ठेवली असती. सुवर्ण गेले पण सोन्यासारखी बायको मिळाली, असे म्हणून आपणही पान उलटले असते. आमच्या हिला तर शेवट इथेच हवा होता. पण आयुष्य कादंबरीकाराच्या सोयीने चालत नाही.

2008, बीजिंग. ऑलिंपिकमधले अगदी पहिले सुवर्णपदक कातेरिनाने जिंकले. प्राथमिक फेरीत तिने 400 पैकी 400 गुण केले होते. त्यानंतर दोन दिवसांनी, 11 ऑगस्टला, अभिनव बिंद्राची शेवटची गोळी 10.8 वर लागली आणि आपल्याकडे पेढे वाटले गेले. त्या 10.8 ची आपण आरती ओवाळली, आणि ते योग्यच केले. पण त्या गोळीआधी फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बिंद्राच्या बरोबरीने पहिल्या जागेवर उभा होता. त्याची शेवटची गोळी 9.7 ची पडली आणि तो तिसरा झाला, हे आपल्यापैकी कितीजणांना आठवते? शेवटची गोळी फक्त जिंकणाऱ्याकडेच असते असे आपण समजतो. ती आठही जणांकडे असते.

15 ऑगस्टला एमन्सने पालथ्या आसनात रौप्य मिळवले. 17 तारखेला पुन्हा तीच तीन आसनांची स्पर्धा, पुन्हा नऊ गोळ्या, आणि पुन्हा एमन्स पुढे: या वेळी 3.3 गुणांनी. शेवटच्या गोळीला 6.7 पुरे. चार वर्षे ज्या एका क्षणाची त्याने आठवण वागवली असेल, तोच क्षण समोर येऊन उभा राहिला. या खेपेला त्याने क्रमांक पाहिला. लक्ष्य स्वतःचेच होते. नळी वरून सावकाश खाली मध्याकडे येत होती. अजून नेम बसायचा होता. एवढ्यात चापाला बोट लागले. गोळी सुटली. आकडा आला 4.4.

पहिल्याचा चौथा. सुवर्णपदक पुन्हा चीनला, चिउ चिआनला, आणि तेही युक्रेनच्या सुखोरुकोव्हपेक्षा फक्त 0.1 गुणाने. कातेरिना त्याच्याजवळ आली. दोघांची कपाळे एकमेकांना टेकलेली, असे छायाचित्र त्या दिवसांत जगभर छापून आले. पत्रकारांसमोर तो याही वेळी उभा राहिला, आणि काय झाले ते जसेच्या तसे त्याने सांगितले.

या ठिकाणी वकीलसाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. ते म्हणाले, "एकदा चुकला तर अपघात म्हणू. दोनदा चुकला तो कच्चाच. ऐन वेळी ज्याचा हात कापतो, तो कसला विजेता?"

हा प्रश्न वकिली नाही, खरा आहे. त्याला बगल देऊन चालणार नाही. शेवटच्या गोळीचे ओझे एमन्सला जाणवत नव्हते असे कोण म्हणेल? जाणवत होतेच. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली अशी, की आघाडीवर असताना चुकायचे तर आधी आघाडीवर असावे लागते. एकशेएकोणतीस गोळ्यांनंतर सगळ्या जगाच्या पुढे असलेला माणूस एकशेतिसाव्या गोळीने कच्चा ठरतो का? दुसरी अशी, की तोच प्रसंग पुन्हा वाट्याला यायला चार वर्षे रोज सकाळी उठून तोच कोट चढवावा लागतो. ज्या उंबरठ्यावर एकदा पडून आपण जगासमोर हसे करून घेतले, त्याच उंबरठ्यावर पुन्हा आपल्या पायांनी जाऊन उभे राहायचे. मी एमन्सला विजेता म्हणतो तो उसन्या रायफलीने मिळवलेल्या सुवर्णपदकासाठी नव्हे. त्या चार वर्षांतल्या सकाळींसाठी म्हणतो.

नेमबाजांचा एक रिवाज मला फार शहाणपणाचा वाटतो. गोळी सुटली की तिचा जो आकडा येईल तो लिहायचा. चार आले तर चार. त्यात कोणी दयामाया दाखवून पाच करत नाही, आणि 'जाऊ दे, काही झालेच नाही' असेही म्हणत नाही. पण तो आकडा त्या गोळीच्या रकान्यात राहतो. पुढच्या गोळीच्या रकान्यात तो ओढून न्यायचा नाही, हेच तर या खेळाचे निम्मे शिक्षण. आधीची गोळी मनात ठेवून पुढची झाडली, की तीही गेली म्हणून समजा.

आमच्या मध्यमवर्गीय घरांत नेमके उलटे चालते. गोळीचा आकडा आम्ही रकान्यात लिहितच नाही. तो माणसाच्या कपाळावर लिहितो. 'दहावीला गणितात गेला होता तो', 'मुलाखतीत ज्याची बोबडी वळली तो', 'जिचे ठरलेले लग्न मोडले ती'. वीस वर्षे उलटतात, माणूस चार चांगली कामे करतो, घर बांधतो, आईवडिलांची म्हातारपणी सेवा करतो, तरी एखाद्या मुंजीच्या पंगतीत कोणीतरी हळूच शेजाऱ्याला सांगतेच, "हा तोच बरे का!" आणि याच्या उलट दुसरे टोक म्हणजे खोटा धीर. पोराचा चेहरा पडलेला असतो, आणि आम्ही म्हणतो, "त्यात काय एवढे?" त्याच्यासाठी त्यात सगळेच असते. त्याचा तीन वर्षांचा अभ्यास असतो. त्याला खोटे ऐकायचे नसते. आपल्याशेजारी कोणीतरी बसलेले हवे असते.

निकालाच्या दिवशी आमच्या आसपासच्या बिल्डिंगांमधून काही दारे दिवसभर बंद राहतात, हे मी गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे. टक्के कमी पडले म्हणून नव्हे. कोण काय म्हणेल म्हणून. त्या बंद दारांच्या आत काय चालले असेल, या विचाराने माझा जीव दडपतो. एमन्सची दहावी गोळी सगळ्या जगाने पाहिली. आमच्या पोरांची दहावी फार तर एक मजला पाहतो, आणि तेवढेच डोळे त्यांना जगाएवढे वाटतात.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. 2009 साली एमन्सला मुलगी झाली. 2010 साली त्याला थायरॉइडचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, ग्रंथी काढून टाकावी लागली. ज्या खेळात छातीच्या ठोक्याचा हिशेब ठेवावा लागतो, तिथे हे दुखणे म्हणजे साऱ्या शरीराची घडी विस्कटणे. त्याने ती घडी पुन्हा बसवली, आणि 2012 साली लंडनला तो तीन आसनांच्या अंतिम फेरीत उभा राहिला. तिसऱ्यांदा.

इटलीचा निकोलो काम्प्रिआनी त्या दिवशी कोणाला हाती लागणारा नव्हता. पण नऊ गोळ्यांनंतर एमन्स दुसरा होता. दहावी गोळी आली. पाहणाऱ्या प्रत्येकाला मागच्या दोन गोळ्या आठवत होत्या, आणि त्याला त्या आठवत नसतील असे मानायला मी तयार नाही. त्याने बराच वेळ घेतला. गोळी सुटली. 7.6.

कादंबरीत हा आकडा 10.9 असता. इथे तो 7.6 होता, आणि त्याने एमन्स दुसऱ्याचा तिसरा झाला. रौप्य दक्षिण कोरियाच्या किम जोंग-ह्यूनला गेले. पण पदक उरले. तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, रौप्य आणि ब्राँझ: हा त्याचा पुरा हिशेब. त्यात शून्य आहे, 4.4 आहे आणि 7.6 ही आहे. त्यांतला एकही आकडा खोडलेला नाही, आणि तरीही बेरीज अशी आहे की कोणाही बापाने ती अभिमानाने भिंतीवर लावावी.

आणि हे फक्त दूरदेशीच्या माणसांनाच साधते असे समजू नका. 2023 साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत याच तीन आसनांच्या अंतिम फेरीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे आघाडीवर होता. एक गोळी वाईट गेली आणि तो चौथा झाला, पदक हुकले. आपल्या गावाकडची माणसे त्या दिवशी काय म्हणाली असतील, त्याची कल्पना तुम्हीआम्ही करू शकतो. त्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते, तोच 1 ऑगस्ट 2024 रोजी, पॅरिसमध्ये, रेल्वेतल्या या तिकीट तपासनिसाने त्याच स्पर्धेत 451.4 गुणांनी ब्राँझपदक मिळवले. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. गावात गुलाल उधळला गेला तो पॅरिसच्या पदकाचा. माझ्या हातात असते, तर मी त्यातला चिमूटभर हांगझौहून परतल्यानंतरच्या पहिल्या सकाळच्या सरावासाठी बाजूला काढून ठेवला असता.

दिवाळीचे चार दिवस सरतील. फराळाचे डबे रिकामे होतील, सहामाहीचे निकाल लागतील, आणि मग वार्षिक परीक्षांचे वारे वाहू लागेल. कोणाच्या ना कोणाच्या घरी या वर्षी दहावी गोळी वाईट जाणारच. आकड्यांचा धर्मच तो. आकडा काय आला हे सांगायला पंच आहेत, नियम काय हे सांगायला आमचे वकीलसाहेब आहेत, आणि बेरीज करायला आमचे चिरंजीव. ही कामे कधी अडत नाहीत. अडते ते आमच्या हिने विचारलेले काम. तेवढे घरातल्या माणसांनी आपल्याकडे घ्यावे: ताट वाढावे, शेजारी पाट मांडावा, आणि पोर बोलेपर्यंत त्याच्याबरोबर गप्प बसून जेवावे.